लाट जाते, पाणी राहते

लाट हा शब्द आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. पण लाट म्हणजे नेमके काय, हे फारसे कुणी विचारीत नाही. या पाठात आपण तेच पाहणार आहोत. यात नुसती करमणूक नाही. आकाशात वीज कडाडते, भूकंपाने जमीन हादरते, समुद्र किनारा सोडून आत येतो, या सगळ्यांत लाटांचा हात असतो. लाटेची रीत ज्याला ठाऊक आहे, तो वेळेवर सावध होतो. म्हणून हा पाठ सावकाश वाचा. घरातल्या माणसांनाही वाचून दाखवा.

लाट म्हणजे काय?

विहिरीच्या शांत पाण्यात एक खडा टाका. खडा बुडतो. पण तो जिथे पडला, तिथून पाण्यावर एक गोल उठतो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. हे गोल मोठे मोठे होत कडेपर्यंत जातात.

आता सांगा, मधले पाणी कडेला गेले का? आपल्याला वाटते, गेले. पण तसे होत नाही. पाण्यावर एखादे वाळलेले पान तरंगत असेल, तर त्याच्याकडे बघा. लाट आली की पान वर उठते, किंचित पुढे सरकते. लाट गेली की खाली येते आणि पुन्हा मागे येते. ते जवळजवळ जागच्या जागी राहते. पाण्याचेही तसेच होते. पाणी जागेवर एक लहानसा फेर धरते. पुढे जाते ती फक्त हालचाल.

दुसरे उदाहरण शेतातले घ्या. ज्वारी कमरेइतकी झाली आहे. वारा सुटला की शेतावरून लाटा धावताना दिसतात. या बांधापासून त्या बांधापर्यंत जातात. पण एकही ताट जागा सोडीत नाही. प्रत्येक ताट फक्त वाकते आणि पुन्हा उभे राहते.

ओढ्याचा लोंढा आणि लाट यांत हाच फरक आहे. लोंढ्यात पाणी स्वतः वाहत जाते. लाटेत पाणी जागेवर राहते आणि जोर पुढे जातो. एका वाक्यात सांगायचे तर, लाट माल वाहत नाही, जोर वाहते.

लाटांचे दोन प्रकार

बैलाचा कासरा घ्या. त्याचे एक टोक गोठ्याच्या मेढीला बांधा. दुसरे टोक हातात धरून वर-खाली झटका द्या. कासऱ्यावर एक उंचवटा उठेल आणि सापासारखा मेढीकडे धावेल. लाट पुढे गेली, पण दोरी हलली ती वर-खाली. जिथे लाट एका दिशेने जाते आणि वस्तू तिला आडवी हलते, ती आडवी लाट. शाळेच्या पुस्तकात तिला अवतरंग म्हणतात.

आता दुसरा प्रकार. आषाढीला पंढरपूरच्या दर्शनबारीत माणसे एकामागे एक दाटीने उभी असतात. मागून कुणी रेटा दिला की शेवटचा माणूस पुढच्याला टेकतो. तो त्याच्या पुढच्याला टेकतो. असा रेटा पुढे पुढे जातो आणि पहिल्या माणसाला धक्का बसतो. मागचा माणूस काही पुढे पोचलेला नसतो. तो आपल्या जागी परत सावरून उभा राहतो. पोचतो तो फक्त रेटा. इथे लाट ज्या दिशेने जाते, त्याच दिशेने माणसे पुढे-मागे हलतात. ही रेट्याची लाट. पुस्तकात तिला अनुतरंग म्हणतात.

रेल्वेच्या डब्यांना इंजिन जोडताना असाच धक्का खडखडत शेवटच्या डब्यापर्यंत जातो. तीही रेट्याचीच लाट.

हे दोन प्रकार नीट ध्यानात ठेवा. पुढे भूकंपाच्या वेळी दोन्ही भेटणार आहेत.

लाट कशी मोजतात?

कापड आपण मीटरने मोजतो, धान्य किलोने मोजतो. लाटेची मापे तीन.

पहिले माप उंचीचे. पाणी नेहमीच्या पातळीपासून किती वर उठले, ते हे माप. लाटेत जोर जास्त असला की उंची जास्त असते. मोठा धोंडा टाकला की मोठी लाट, खडा टाकला की लहान लाट.

दुसरे माप लांबीचे. लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या लाटेच्या माथ्यापर्यंतचे अंतर, ही लाटेची लांबी. तिला तरंगलांबी म्हणतात.

तिसरे माप वेळेचे. एका सेकंदात किती लाटा आपल्यासमोरून गेल्या, ती संख्या. तिला वारंवारता म्हणतात. वारंवार म्हणजे पुन्हा पुन्हा. त्यावरून हा शब्द झाला.

ही मापे कळली की लाटेचा वेग काढता येतो. कसा? माणसाच्या चालण्याचा हिशेब करा. एक पाऊल अर्धा मीटर पडते आणि सेकंदाला दोन पावले पडतात. मग माणूस सेकंदाला एक मीटर चालतो. लाटेचेही तसेच. लांबीला वारंवारतेने गुणले की वेग मिळतो.

आवाज हीसुद्धा लाट

हलगीच्या चामड्यावर ज्वारीचे चार दाणे ठेवा आणि कडेला हळूच टिपरी मारा. दाणे नाचू लागतील. चामडे थरथरते म्हणून दाणे उडतात. हे थरथरणारे चामडे जवळच्या हवेला रेटा देते. ती हवा पुढच्या हवेला रेटते. असा रेटा आपल्या कानापर्यंत येतो. कानाच्या आतही एक पातळ पडदा आहे. तो थरथरला की आपल्याला आवाज ऐकू येतो.

म्हणजे आवाज ही रेट्याची लाट आहे. बोलताना गळ्यावर बोट ठेवा. गळाही थरथरतो. पुरुषाचा गळा बोलताना सेकंदाला सुमारे शंभर ते दीडशे वेळा थरथरतो, बाईचा सुमारे दोनशे वेळा. म्हणून बाईचा आवाज बारीक. डासाचे पंख याहूनही भराभर हलतात, म्हणून त्याची गुणगुण आणखी बारीक. लाटेची उंची वाढली की आवाज मोठा होतो. वारंवारता वाढली की आवाज बारीक, चढा होतो. या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

माणसाच्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंतच्या लाटा ऐकू येतात. त्याहून भराभर लाटा येत असल्या तरी आपल्याला पत्ता लागत नाही. वटवाघूळ अशाच लाटा काढते आणि त्या परत आल्या की त्यावरून अंधारात किडे पकडते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. मिरवणुकीत मोठमोठे कर्णे लावतात. छाती हादरते, इतकी त्या लाटांची उंची असते. कानाच्या आत केसांसारख्या अतिशय नाजूक पेशी आहेत. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून लहान मुलांना खांद्यावर घेऊन कर्ण्यापुढे उभे राहू नये.

आवाजाला चालायला काहीतरी आधार लागतो. हवा चालते, पाणी चालते, लोखंड चालते, जमीन चालते. पण जिथे काहीच नाही, तिथे आवाज चालत नाही. चंद्रावर हवा नाही. तिथे शेजारी तोफ उडाली तरी तिचा आवाज कानी येणार नाही.

आवाजाचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. पाण्यात तो सुमारे १,५०० मीटर होतो. पोलादात सुमारे ५,००० मीटर होतो. जितकी वस्तू टणक, तितका रेटा भरकन पुढे जातो.

वीज किती लांब पडली?

पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा फार चमकतात. वीज आधी दिसते, गडगडाट मागून ऐकू येतो. असे का? दोन्ही एकाच वेळी निघतात. पण प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो. तो डोळ्याचे पाते लवण्याआधी पोचतो. आवाजाला एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात.

यावरून वीज किती लांब पडली ते काढता येते. वीज चमकली की मोजू लागा. ‘एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल’ असे शांतपणे म्हटले, की एका विठ्ठलाला सुमारे एक सेकंद लागतो. गडगडाट ऐकू आला की थांबा. जो आकडा आला, त्याला तीनने भागा. नऊ आले तर वीज तीन किलोमीटरवर पडली. तीन आले तर एका किलोमीटरवर.

पण म्हणून मोजत शेतात उभे राहू नका! वीज ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांबही पडू शकते. गडगडाट ऐकू आला, याचाच अर्थ आपण तिच्या टप्प्यात आहोत. आकडा तीसपेक्षा कमी आला तर एक क्षणही दवडू नये. आपल्या देशात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. त्यांत शेतात काम करणारी माणसे पुष्कळ असतात.

अशा वेळी काय करावे?

पक्क्या घरात जावे. घर जवळ नसेल तर बंद काचांच्या गाडीत बसावे. एकट्या उंच झाडाखाली मुळीच थांबू नये. विहिरीत, नदीत, भाताच्या पाण्यात असाल तर बाहेर यावे. तारेच्या कुंपणापासून दूर व्हावे. खोरे, कुदळ, पहार हातातून टाकावी. मोकळ्या रानात अडकलात तर दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. चार माणसे असतील तर एकमेकांपासून लांब बसावे. शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये.

विजेचा धक्का बसलेल्या माणसाला शिवले तर आपल्यालाही धक्का बसतो, असा एक गैरसमज आहे. तो खोटा आहे. त्याच्या अंगात वीज राहत नाही. त्याला ताबडतोब उचलून दवाखान्यात न्यावे. श्वास बंद पडला असेल आणि कुणाला छाती दाबण्याची रीत येत असेल, तर त्याने ती लगेच सुरू करावी.

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने ‘दामिनी’ नावाचे ॲप केले आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असेल तर ते मोबाईलवर सूचना देते. गावातल्या एखाद्या तरुणाने ते घेऊन ठेवावे आणि इतरांना कळवावे.

लाटांचे गुण

लाट पाण्याची असो, आवाजाची असो की प्रकाशाची, काही गुण सर्वांत सारखे आहेत.

पहिला गुण, लाट परत फिरते. विहिरीतला गोल कडेला आपटून मागे येतो. डोंगराच्या कड्यासमोर हाक मारली तर हाक परत येते. तिला आपण प्रतिध्वनी म्हणतो. कडा १७ मीटरांपेक्षा जवळ असला तर परत आलेली हाक आणि आपली हाक एकमेकींत मिसळतात, निराळ्या ऐकू येत नाहीत. कोळी बांधवांच्या यांत्रिक होड्यांवर एक यंत्र असते. ते पाण्यात आवाज सोडते. तळाला आपटून आवाज परत येतो. एक सेकंदाचे दहा भाग केले, तर त्यातल्या एका भागात आवाज परत आला म्हणजे तळ सुमारे ७५ मीटर खोल आहे. दवाखान्यातली सोनोग्राफी हीसुद्धा अशीच. पोटातून परत आलेल्या बारीक आवाजाचे चित्र होते. बाळाची वाढ नीट आहे की नाही, ते त्यात दिसते. मुलगा की मुलगी, हे सांगण्यासाठी हे यंत्र वापरणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा ठरले आहे. विद्या चांगली, पण ती कशासाठी वापरायची हे माणसाच्या हाती असते.

दुसरा गुण, लाट वळते. वेग बदलला की लाटेची दिशा बदलते. प्रकाश हवेपेक्षा पाण्यात सावकाश चालतो. म्हणून पाण्यात तिरकी धरलेली काठी मोडल्यासारखी दिसते. आणि म्हणूनच पाणी असते त्याहून उथळ दिसते. वरून सरळ खाली पाहिले, तर बारा फूट खोल पाणी नऊ फूटच वाटते. ‘तळ तर दिसतोय, काय होतंय?’ असे म्हणून पोरे उडी मारतात आणि फसतात. स्वच्छ पाण्याच्या खोलीवर डोळ्याने विश्वास ठेवू नये. बांबू घालून खोली पाहावी.

आवाजही असाच वळतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. त्यामुळे वर जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो. शेजारच्या गावातले भजन दिवसा ऐकू येत नाही, पण रात्री ऐकू येते. त्याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे रात्रीची शांतता.

तिसरा गुण, लाट वळसा घालते. घराच्या कोपऱ्यामागे उभा असलेला माणूस दिसत नाही, पण त्याचे बोलणे ऐकू येते. आवाजाची लाट लांब असते, ती कोपऱ्याला वळसा घालते. प्रकाशाची लाट अतिशय आखूड असते. एका मिलिमीटरात तशा दीड ते अडीच हजार लाटा मावतात. ती आपल्याला दिसेल इतका वळसा घालीत नाही.

चौथा गुण, लाटा एकमेकींतून पार होतात. पाण्यात दोन खडे टाका. दोन्हींचे गोल एकमेकांत शिरतात आणि पुन्हा आपापल्या वाटेने जातात. जिथे माथ्यावर माथा येतो, तिथे पाणी जास्त उठते. जिथे एकीचा माथा आणि दुसरीचा खळगा येतो, तिथे पाणी शांत राहते.

पाचवा गुण पंचमीच्या झोक्यात दिसतो. झोका मागे आला की बरोबर त्याच वेळी हलका धक्का द्यायचा. थोड्याच वेळात झोका आभाळाला भिडतो. अवेळी धक्का दिला तर झोका थांबतो. प्रत्येक वस्तूचा हलण्याचा आपला ठेका असतो. त्या ठेक्यात धक्के मिळाले की लहान धक्क्यानेही मोठी हालचाल होते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ ब्रॉटन येथे १८३१ साली सैनिक पायाला पाय जुळवून झुलत्या पुलावरून चालले होते. त्यांच्या ठेक्याने पूल झुलू लागला आणि एका टोकाला कोसळला. तेव्हापासून पूल आला की सैनिकांना ठेका मोडून चालायला सांगतात.

आधाराशिवाय धावणाऱ्या लाटा

सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये हवा नाही. तरी ऊन आपल्यापर्यंत येते. कारण प्रकाशाच्या लाटेला पाणी, हवा, दोरी, कशाचाच आधार लागत नाही. ती वीज आणि चुंबक यांच्या जोरावर चालणारी आडवी लाट आहे. सूर्यापासून इथे यायला तिला आठ मिनिटांहून थोडा अधिक वेळ लागतो.

रेडिओची लाट, मोबाईलची लाट, दवाखान्यातले क्ष-किरण, ही सगळी प्रकाशाचीच भावंडे. वेग सर्वांचा एकच. फरक फक्त लांबीचा. पुणे आकाशवाणी रेडिओवर ७९२ या आकड्यावर लावलेली ज्यांना आठवते, त्यांनी ऐकावे. त्या लाटेची लांबी सुमारे ३७९ मीटर होते. एवढी लांब लाट टेकडीला सहज वळसा घालते. मोबाईलची लाट बहुधा वीत-दीड वीत लांबीची असते. ती टेकडीला अडते. म्हणून दरीतल्या वाडीवर रेडिओ लागत असे, पण मोबाईलसाठी टेकाडावर चढावे लागते.

बिनतारी लाटांच्या कामात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात काही मिलिमीटर लांबीच्या लाटा भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली.

जमिनीतल्या लाटा

आता सर्वांत गंभीर गोष्टीकडे येऊ.

जमिनीच्या पोटात खडकांवर फार मोठा ताण असतो. ताण सोसवेनासा झाला की खडक एकदम सरकतो. विहिरीत खडा पडावा तसे हे होते. तिथून चारी बाजूंना लाटा निघतात. या लाटा म्हणजेच भूकंप.

भूकंपात दोन्ही प्रकारच्या लाटा असतात. रेट्याची लाट वेगवान. ती टणक खडकात सेकंदाला पाच-सहा किलोमीटर धावते. ती आधी पोचते. तेव्हा भांडी किणकिणतात, खालून धक्का बसल्यासारखा वाटतो. आडवी लाट सेकंदाला तीन-साडेतीन किलोमीटर धावते. ती मागून येते आणि भिंती डावी-उजवीकडे हलवते. जमिनीच्या वरच्या थरातून धावणाऱ्या आणखी काही लाटा मागोमाग येतात. जास्त नुकसान मागून येणाऱ्या लाटा करतात. कारण भिंत वरचा भार सोसते, पण आडवा झटका तिला सोसत नाही.

दोन लाटा येण्यात जितके सेकंद जातात, त्यांना आठने गुणले की भूकंपाचे ठिकाण किती किलोमीटर लांब आहे, ते अंदाजे कळते. भूकंप मोजणाऱ्या केंद्रात याच हिशेबाने जागा शोधतात. निदान तीन ठिकाणची अंतरे जुळवली की जागा सापडते. पण भूकंप अगदी जवळ झाला तर मधे एक-दोन सेकंदच असतात. उठून पळायलाही वेळ मिळत नाही.

महाराष्ट्राने हे दोनदा फार जवळून पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात भूकंप झाला. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारी आणि आसपासची गावे मातीला मिळाली. गणपतीचे विसर्जन करून माणसे झोपली होती. हजारो माणसे झोपेतच गेली.

त्यांना कुणी मारले? जमिनीच्या हादऱ्याने माणूस मरत नाही. माणूस मरतो तो घराखाली. किल्लारीची घरे माळवदाची होती. दोन-तीन हात जाड भिंती, पण त्या गोल दगडांच्या आणि मातीत रचलेल्या. वर मातीचे जड धाबे. अशा भिंतीला बहुधा आत एक आणि बाहेर एक असे दगडांचे दोन पदर असतात, मधे चिपा आणि माती. आडवी लाट आली की दोन पदर एकमेकांपासून सुटतात. भिंत फुगते, ढासळते आणि जड धाबे खाली येते.

म्हणून दगडी घर बांधताना या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालावेत. लांबीत दर चार फुटांवर आणि उंचीत दर दोन फुटांवर असा एक दगड हवा. तो दोन्ही पदरांना शिवून टाकतो. दगड गोल नसावेत, घडीव असावेत. चिखलाऐवजी सिमेंट-वाळूचा माल वापरावा. भिंत दीड फुटापेक्षा जाड करू नये. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत, हा समज चुकीचा आहे. दारे-खिडक्यांच्या वरच्या बाजूला सगळ्या भिंतींवरून सळई घातलेला काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. पिंपाला जशी लोखंडी पट्टी, तसा घराला हा पट्टा. छप्पर हलके ठेवावे. जुन्या माळवदावर दरवर्षी नवी माती टाकून भार वाढवू नये.

भूकंपात घर कच्चे असेल आणि दार जवळ असेल तर मोकळ्यावर जावे. नाही तर भक्कम मेजाखाली किंवा खाटेखाली शिरून डोके झाकावे. हादरा थांबल्यावर पडक्या घरात सामान आणायला जाऊ नये. मागून लहान धक्के येतात आणि हललेल्या भिंती त्यांनीही पडतात.

समुद्राची मोठी लाट

समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला आणि तळ वर-खाली सरकला, तर वरचे सगळे पाणी हलते. मग त्सुनामी नावाची लाट उठते. खोल समुद्रात ती ताशी सातशे किलोमीटर धावते, पण तिची उंची तिथे हातभरच असते. माथ्यापासून माथ्यापर्यंत मात्र शंभर किलोमीटरही अंतर असते. किनारा जवळ आला की पाणी उथळ होते, लाटेचा वेग कमी होतो. पुढचे पाणी मंदावते, मागचे येतच राहते. मग ती उंच होते आणि गावात शिरते.

२६ डिसेंबर २००४ रोजी इंडोनेशियातील सुमात्राजवळ असाच भूकंप झाला. सुमारे अडीच तासांत लाट तमिळनाडूच्या किनाऱ्याला आली. सगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून अधिक माणसे गेली. आपला कोकण किनाराही अगदी निर्धास्त नाही. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला, तेव्हा त्सुनामीच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. २००७ पासून हैदराबादचे केंद्र अशा लाटांची सूचना देते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. मोठा हादरा जाणवला किंवा समुद्र ओहोटी नसताना एकाएकी लांब मागे गेला, तर उघडे पडलेले मासे वेचायला धावू नका. उंच जागी पळा. पहिली लाट ओसरली म्हणून परत येऊ नका. मागची लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

ध्यानात ठेवा

लाट माल वाहत नाही, जोर वाहते. लाटेचे प्रकार दोन, आडवी आणि रेट्याची. उंची, लांबी आणि वारंवारता ही तिची मापे. लाट आपण थांबवू शकत नाही. पण ती कशी येते हे समजून घर बांधता येते, वेळेवर आडोसा गाठता येतो आणि शेजाऱ्यालाही हाक देता येते.

करून पाहा

१. परातीत पाणी घेऊन त्यावर एक पान ठेवा. कडेला बोट बुडवा. पान कुठे जाते ते बघा.

२. घरात बसून विजेनंतरचे आकडे मोजा. वीज जवळ येत आहे की लांब जात आहे, ते ठरवा.

३. आपल्या घराच्या भिंतीत आरपार दगड आहेत का, ते गवंड्याला विचारा.

उत्तरे सांगा

१. लोंढा आणि लाट यांत फरक काय?

२. वीज चमकल्यावर बारा सेकंदांनी गडगडाट झाला. वीज किती लांब पडली?

३. स्वच्छ पाणी उथळ का दिसते?

४. भूकंपात कोणती लाट आधी येते? भिंती पाडण्याचे काम कोणत्या लाटा जास्त करतात?